डोकं झाका, कुशी मोकळ्या ठेवा

साकोली तालुक्यातलं सानगडी हे किल्ल्याचं गाव. भोवती धानाच्या बांध्या, तलाव आणि थोडं पुढे गेलं की नवेगाव-नागझिऱ्याचं रान. भंडारा जिल्ह्यात वर्षाला सरासरी 1300 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. बंगालच्या उपसागरातून कमी दाबाचा पट्टा आला की चार-चार दिवस ऊन दिसत नाही. अशा मुलखात आरामशीनवाला असो, सुतार असो की पुढच्या साली घर बांधायचं म्हणून फाटे-पाट्या घेऊन ठेवलेला शेतकरी, मृगाच्या तोंडावर प्रत्येकाला ताडपत्री आठवते. लाकडावर ती टाकली, चारी बाजूंनी कोंबली, दगड ठेवले की काम झालं असं वाटतं. दिवाळीला ती उघडली की आत बुरशीचा वास येतो आणि पाट्यांवर निळसर-काळे डाग दिसतात.

पाऊस अडला, मग लाकूड सडलं कशानं? स्वतःच्याच पाण्यानं. ताज्या चिरलेल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं: पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींत. पोकळीतलं पाणी आधी जातं. ओलावा 30 टक्क्यांच्या खाली उतरला की भिंती सुकू लागतात आणि लाकूड आकसतं. 20 टक्क्यांच्या खाली गेल्यावर कुजवणाऱ्या बुरशीला वाढता येत नाही. हवाबंद गुंडाळलेल्या थप्पीत मात्र उन्हानं लाकडातली वाफ निघते, ताडपत्रीला आतून लागते आणि रात्री थेंब होऊन पुन्हा लाकडावरच पडते. खालची ओली जमीन त्यात भर घालते. बुरशीला लागणारी ऊब, ओल, हवा आणि अन्न एकाच जागी मिळतं.

म्हणून खरी कारागिरी ताडपत्रीच्या खाली असते. जागा उंच आणि गवत काढलेली हवी. दगड, विटा किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांवर थप्पी जमिनीपासून फूट-दीड फूट वर उचलायची. त्यामुळे वारा खालून फिरतो आणि उधई चढताना दिसते. प्रत्येक थरानंतर इंचभर जाडीच्या कोरड्या पट्ट्या दीड-दोन फुटांवर आडव्या टाकायच्या. सगळ्या पट्ट्या एकाच जाडीच्या आणि बरोबर एकीवर एक हव्यात. पट्टी सरकली की तिथेच पाटी वाकते. टोकाची पट्टी अगदी कडेला घ्यायची. लाकडाच्या तोंडातून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी भराभर निघतं आणि म्हणून तडे आधी तिथेच जातात. तोंडांना डांबर किंवा जाड ऑइलपेंट फासतात ते यासाठी.

मग छप्पर. ताडपत्री लाकडावर थेट पसरायची नाही. मधोमध बांबूचा आढा उभारून दोन्हीकडे उतार द्यायचा, म्हणजे पाण्याची डबकी साचत नाहीत. लाकूड आणि ताडपत्री यांच्यात वीतभर मोकळी जागा आणि कडेला फूटभर झुकाव ठेवायचा. कुशी मोकळ्या, फक्त झडीच्या बाजूला कापड थोडं खाली आणायचं. कडेच्या कड्यांतून दोरी ओवून ती खुंट्यांना ताणायची. एचडीपीईच्या विणलेल्या पट्ट्यांची ताडपत्री घेताना ती ऊन सोसणारी आहे का ते विचारावं. साधी पन्नी उन्हात लवकरच कडक होऊन फाटते. जुने टिनाचे पत्रे असतील तर त्याहून बरं. धानाचं पुंजणं रचणाऱ्याला हे निराळं सांगावं लागत नाही: वरून पाणी निथळलं पाहिजे आणि आत ऊब धरता कामा नये.

कॅनडा-स्वीडनमधल्या गिरण्या लाकडाचे गठ्ठे छापील वेष्टनात गुंडाळून पाठवतात, हे खरं. पण तो माल आधी भट्टीत सुकवलेला असतो आणि वेष्टन बहुधा पाच बाजूंना असतं, तळ उघडा. उलट टोकाचं उदाहरण जर्मनीचं. डिसेंबर 1999 मध्ये लोथार वादळानं तिथली जंगलं झोपवली, तेव्हा बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ओले लठ्ठे प्लॅस्टिकमध्ये पूर्ण हवाबंद करून साठवण्याची पद्धत वापरली गेली. आतला प्राणवायू संपला की बुरशी थांबते. मात्र एक भोक पडलं तरी सगळं फुकट. म्हणजे पूर्ण बंद चालतं आणि डोक्यावर छप्पर ठेवून कुशी पूर्ण मोकळ्या असल्या तरी चालतं. आपली कोंबलेली ताडपत्री या दोहोंच्या मधली असते, म्हणून ती घात करते.

लाखनीजवळच्या गडेगावच्या किंवा बल्लारशाच्या लाकूड डेपोत सागाचे लठ्ठे उघड्यावर दिसतात, ते पाहून कुणी फसू नये. सागाचा गाभा बुरशीला आणि उधईला सहजी दाद देत नाही. भोवतीचं पांढरट लाकूड मात्र किडतंच. ऐनाचं लाकूड तर सुकताना हट्टी आहे. त्याला पावसाइतकंच मे महिन्याच्या उन्हापासून जपावं लागतं, नाहीतर अंगभर तडे जातात.

लाकूड तयार झालं की नाही, हे ठरवायला यंत्र नसलं तरी चालतं. थप्पीच्या आतल्या थरातली एक छोटी पाटी काढून तोलायची, परत ठेवायची आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तोलायची. पावसाळा संपल्यावर वजन उतरत असेल तर सुताराला थांबायला सांगावं. दोनदा तेच वजन आलं, तर दाराच्या चौकटीचं माप घ्यायला हरकत नाही.