लाडवांचा डबा राहिला तरी चालेल!

मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठी परदेशी निघाली की सारे घर बॅगा भरायला लागते. पण परक्या देशात ज्या गोष्टींवाचून खरोखर अडते, त्यांची आठवण बहुधा विमानतळावर पोहोचल्यावरच होते.

वेळ रात्री साडेअकराची. स्थळ बेंगळुरूचा केंपेगौडा विमानतळ. मल्लेश्वरमहून आलेले एक मराठी कुटुंब दाराबाहेरच्या फरशीवर बॅग उघडून बसले होते. मर्यादा २३ किलोंची, बॅग भरली होती सव्वीस. आई एकेक पुडके बाहेर काढत होती. मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चटणी, लाडवांचा डबा. प्रत्येक पुडक्यागणिक "हे तरी राहू दे गं" असा वाद चालला होता.

इतक्यात वडिलांनी विचारले, "आणि तुझ्या मूळ गुणपत्रिका? हँडबॅगेतच आहेत ना?"

मुलगा गप्प. गुणपत्रिका घरी, कपाटात. तिथून घर तीस किलोमीटरहून लांब. विमान सुटायला तीन तास. मग मामा गाडी घेऊन धावले, पण ते परत पोहोचेपर्यंत मुलाला आत जावे लागले. गुणपत्रिका पुढे कुरियरने गेल्या आणि त्या मिळेपर्यंत विद्यापीठातली नोंदणी अडकून राहिली.

या घरात माया कमी होती असे कोण म्हणेल? तयारीही महिनाभर चालली होती. फक्त ती सारी स्वयंपाकघरातून झाली होती. बेळगाव, धारवाड, पुणे, मुंबईहून नोकरीनिमित्त बेंगळुरूत आलेल्या अनेक मराठी घरांतून आता पुढची पिढी परदेशी निघते. अशा घरांनी तयारीचा क्रम थोडा बदलला, तर पुढचा बराच मनस्ताप वाचेल.

आधी संस्थेची पारख

प्रवेशपत्र हाती आले म्हणजे प्रवेश मिळालाच, असे समजू नका. २०१९च्या जानेवारीत अमेरिकेतील मिशिगन राज्यातील 'युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन' प्रकरण उघडकीस आले. ही संस्था तिथल्या सरकारी यंत्रणेनेच सापळा म्हणून उभारली होती. वर्ग नाहीत, शिक्षक नाहीत, फक्त फी. तेव्हा १२९ भारतीय विद्यार्थ्यांना ताब्यात घेण्यात आले. संस्थेचे नाव अधिकृत यादीत होते, हे विशेष. २०२३मध्ये कॅनडात अनेक भारतीय विद्यार्थ्यांवर मायदेशी परत पाठवले जाण्याची वेळ आली, कारण एजंटाने मिळवून दिलेली त्यांची प्रवेशपत्रे बनावट निघाली. काहींना हे शिक्षण संपून, कायम वास्तव्यासाठी अर्ज केल्यावर कळले.

म्हणून एजंटाच्या कार्यालयातील चकचकीत माहितीपत्रकावर विसंबू नका. प्रत्येक देशाची मान्य संस्थांची सरकारी यादी असते, ती स्वतः पाहा. त्यानंतर विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला थेट पत्र लिहून आपले नाव व विद्यार्थी क्रमांक पडताळून घ्या. फी शक्यतो विद्यापीठाच्याच खात्यात भरा. 'वर्गाला हजर राहिले नाही तरी चालते' असे कोणी सांगितले, तर तिथून उठून या.

फाइल आधी, फराळ नंतर

एक चांगली फाइल घ्या. तिच्यात पासपोर्ट, व्हिसाचे कागद, प्रवेशपत्र, मूळ गुणपत्रिका व पदवी, जन्मदाखला, लसीकरणाची नोंद, विम्याचे कागद, फी भरल्याची पावती आणि राहण्याच्या जागेचा पत्ता ठेवा. ही फाइल हँडबॅगेत राहील, मोठ्या बॅगेत कधीच नाही. सर्व कागदांचा एक झेरॉक्स संच घरी ठेवा आणि स्कॅन केलेल्या प्रती ई-मेलमध्ये. पासपोर्ट हरवला तर भारतीय वकिलातीत हीच झेरॉक्स उपयोगी पडते.

पासपोर्टची मुदत आजच पाहा. ती अभ्यासक्रमाच्या मध्येच संपत असेल, तर जाण्यापूर्वी नूतनीकरण केलेले बरे. बेंगळुरूचे प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय कोरमंगला येथे आहे.

काही देश वा संस्था कागदपत्रांवर 'अपोस्टिल' मागतात. आपल्या सरकारने कागद खरा असल्याची आंतरराष्ट्रीय नमुन्यात दिलेली ही खूण. भारतात ही पद्धत २००५पासून लागू आहे. इथेच बेंगळुरूतील मराठी घरांची गफलत होते. परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्याआधी राज्य सरकारचे प्रमाणीकरण लागते आणि ते कागद ज्या राज्यात दिला गेला तिथलेच लागते. म्हणजे पदवी पुण्याची असेल तर आधीची पायरी महाराष्ट्रात, बेळगावची असेल तर कर्नाटकात. जन्म मुंबईचा आणि पदवी बेंगळुरूची असेल तर दोन्हीकडे. त्यासाठी हाताशी दोन महिने तरी ठेवा.

जर्मनीला जाणाऱ्यांना भारतीय शिक्षणाची पडताळणी झाल्याचे 'एपीएस' प्रमाणपत्र लागते. १ नोव्हेंबर २०२२पासून ते व्हिसासाठी सक्तीचे झाले. जर्मन शिकायची तर इंदिरानगरच्या माक्स म्युलर भवनात वर्ग चालतात. इंग्रजीतून अभ्यासक्रम असला तरी दुकानात, डॉक्टरकडे आणि घरमालकाशी बोलताना तिथली भाषाच कामाला येते.

अमेरिकेच्या वाणिज्य दूतावासाचे बेंगळुरूत जानेवारी २०२५मध्ये उद्घाटन झाले. मात्र व्हिसाचे काम तिथे त्याच दिवसापासून सुरू झाले नाही. तेव्हा ऐकीव माहितीवर न जाता मुलाखतीच्या पत्रावर कोणत्या शहराचे नाव आहे, ते पाहूनच तिकीट काढा.

पैशाचा हिशेब एकत्र बसून

फी सर्वांना पाठ असते. घरभाडे, अनामत रक्कम, विमा, बसचा पास, थंडीचे कपडे यांची बेरीज मात्र कोणी करत नाही. जर्मनी विद्यार्थ्याच्या नावे अडकवलेल्या खात्यात वर्षाच्या खर्चाची रक्कम आधीच ठेवायला लावते. २०२४मध्ये ती ११,९०४ युरो, म्हणजे महिना ९९२ युरो ठरली. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्याला व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४पासून तो वर्षाला ७७६ पौंड झाला. असे आकडे बदलत असतात, म्हणून अर्ज करताना सरकारी माहिती पुन्हा पाहा.

शैक्षणिक कर्ज घेताना घरातील सर्वांनी कागद वाचावेत. बँकांच्या आदर्श कर्ज योजनेनुसार साडेसात लाख रुपयांपुढे तारण लागते. बहुतेक मध्यमवर्गीय घरांत हे तारण म्हणजे राहते घर. मुलाला ही गोष्ट लपवून ठेवू नका. त्याच्यावर दडपण नको म्हणून आई-वडील गप्प बसतात आणि तिकडे मुलगा पहिल्याच महिन्यात महागडा फोन घेतो, असे व्हायला नको.

भारतीय बँकेचा 'ओटीपी' भारतीय मोबाईल क्रमांकावर येतो, म्हणून जुने सिमकार्ड चालू राहील अशी व्यवस्था करा. घराचे किंवा बँकेचे काम मुलाच्या सहीवाचून अडणार असेल, तर मुखत्यारपत्र इथेच करून ठेवा. तिकडून करायचे तर खर्चही अधिक आणि वकिलातीच्या खेपाही.

पहिल्या तीन-चार आठवड्यांपुरती रक्कम हाताशी हवी. ती सारी रोख मात्र नको. थोड्या नोटा, बाकी परकीय चलनाच्या कार्डावर. एका प्रवासात साधारणपणे ३,००० डॉलरपर्यंतच्याच परकीय नोटा नेता येतात.

अनारसे आणि सुके खोबरे

आता फराळाकडे वळू. खाऊ द्यायचाच नाही असे कोण म्हणतो? पण तो द्यायचाही एक विचार हवा. अनारशाला खसखस लावतात आणि काही घरच्या मसाल्यांतही ती असते. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूर येथे खसखस निषिद्ध आहे. आखाती देशांत विमान बदलणार असाल, तरी ती पुडी घरीच ठेवलेली बरी. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या पेट घेणाऱ्या वस्तूंत मोडतात, म्हणून मोठ्या बॅगेत चालत नाहीत. पॉवर बँक उलट हँडबॅगेतच हवी. हँडबॅगेतला पातळ पदार्थ १०० मिलिलिटरहून मोठ्या बाटलीत नको, मग ते तूप असो वा लोणच्याचा खार.

ऑस्ट्रेलियाचे नियम सर्वांत कडक. तिथे बियाणे, दुधाचे पदार्थ, फळे यांवर बारीक नजर असते. विमानात मिळणाऱ्या कार्डावर खाद्यपदार्थांची खरी नोंद करा. नोंद केलेला पदार्थ फार तर काढून घेतील. लपवलेल्या पदार्थासाठी मात्र दंड होतो आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो.

किलोभर चिवड्याऐवजी मुलाला वरण-भात, पोळी आणि दोन भाज्या शिकवा. चिवडा पंधरा दिवसांत संपतो, स्वयंपाक जन्मभर पुरतो. हे मुलीइतकेच मुलालाही लागू आहे.

प्रकृतीला गृहीत धरू नका

मराठी घरांतून शिक्षणासाठी परदेशी जाण्याची परंपरा जुनी आहे. आनंदीबाई जोशी १८८३मध्ये बोटीने अमेरिकेला गेल्या आणि १८८६मध्ये फिलाडेल्फियाजवळ... नव्हे, त्याच शहरातील महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. पण तिथली थंडी आणि न मानवणारा आहार यांनी आधीच नाजूक असलेली प्रकृती ढासळली. क्षयाने गाठले आणि फेब्रुवारी १८८७मध्ये, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, त्या पुण्यात वारल्या. आज औषधे आहेत, विमा आहे. तरीही अंगावर दुखणे काढण्याची सवय गेलेली नाही.

निघण्यापूर्वी दात आणि डोळे तपासून घ्या. दातांचा खर्च अनेक विम्यांत धरलेला नसतो. चष्म्याची एक जोडी जास्तीची आणि नंबराचा कागद सोबत ठेवा. नेहमीची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या, चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव हवे. आपल्याकडे सर्रास मिळणारी काही खोकल्याची व वेदनाशामक औषधे दुसऱ्या देशात नियंत्रित असतात. विमा घेताना जुना आजार, बाळंतपण, मानसिक आजार यांचा खर्च धरला आहे का, ते विचारा.

पोहोचल्यावरचे पंधरा दिवस

पहिले काम विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षात नोंदणीचे. दुसरे भारतीय वकिलातीकडे नाव-पत्ता कळवण्याचे. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या संकेतस्थळावर विद्यार्थ्यांना नोंद करता येते. फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा हजारो भारतीय विद्यार्थी तिथे होते आणि 'ऑपरेशन गंगा'तून त्यांना परत आणावे लागले. अशा वेळी कोण कुठे आहे हे सरकारला ठाऊक असणे किती मोलाचे, ते तेव्हा दिसले.

तातडीचे क्रमांक पाठ करा. अमेरिका व कॅनडात ९११, युरोपात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००. नोकरीच्या तासांची मर्यादा ओलांडू नका, कारण मालक रोखीने पैसे देत असला तरी व्हिसा तुमचा जातो. 'मी इमिग्रेशन खात्यातून बोलतो, लगेच पैसे भरा, नाहीतर अटक होईल' असा फोन आला तर तो ठेवून द्या आणि विद्यापीठात जाऊन विचारा.

'सगळं ठीक आहे'

इतके सारे केल्यावरही एक तयारी उरते, आणि तीच बहुधा राहून जाते. फोनवर आई विचारते, "जेवलास का? सगळं ठीक ना?" मुलगा म्हणतो, "हो गं, सगळं ठीक." विषयात नापास झालेला असतो, खोलीतल्या सोबत्याशी पटत नसते, चार दिवस ताप असतो. पण घर गहाण आहे, चारचौघांत कौतुक झाले आहे, आता कोणत्या तोंडाने सांगायचे? इकडे वडिलांची अँजिओप्लास्टी झालेली असते आणि तीही 'त्याची परीक्षा आहे' म्हणून लपवली जाते. दोन्हीकडून माया असते आणि दोन्हीकडे एकेकटे सोसणे चालते.

म्हणून निघण्याच्या आठवड्यात एके संध्याकाळी टीव्ही बंद करून एकत्र बसा. मुलाला स्पष्ट सांगा, "नापास झालास तरी सांग. पैसे संपले तरी सांग. नाहीच जमलं, तर परत ये, दार उघडं आहे. घराचं काय ते आपण मिळून पाहू." आणि त्याच्याकडूनही एक वचन द्या-घ्या, की घरातले दुखणेखुपणे त्याच्यापासून लपवले जाणार नाही. फोनची ठरलेली वेळ असू द्या. विद्यापीठात समुपदेशक असतात, त्यांच्याकडे जाणे म्हणजे वेडेपणा नव्हे, हेही घरातूनच सांगायला हवे.

एवढे झाले की मग खुशाल बॅग भरा. वजन जास्त भरले तर लाडवांचा डबा काढून ठेवा. तो पुढच्या वेळी नेता येईल.