फ्लॉरेन्समधील दोन दिवस

फ्लॉरेन्स शहर पाहण्यास किती दिवस लागतात, या प्रश्नाचे उत्तर आमच्या प्रवासकंपनीने आधीच ठरवून ठेविले होते: दोन. गेल्या वैशाखात चिरंजीवांच्या आग्रहावरून आम्ही उभयता चाळीस मंडळींच्या तांड्याबरोबर इटलीस गेलो, तेव्हा हे दोन दिवस आमच्याही वाट्यास आले. त्यांपैकी दीड दिवस तांड्याबरोबर काढला व अर्धा दिवस स्वतःच्या मनाने. वाचकांस दोहोंचा हिशेब देतो.

पुढे पताका घेतलेल्या मार्गदर्शक बाई व मागे आम्ही, अशी आमची दिंडी पहिल्या दिवशी सकाळी सांता मारिया देल फिओरे या मुख्य देवालयासमोर येऊन उभी राहिली. या देवालयाचा पाया १२९६ साली घातला गेला. परंतु शंभराहून अधिक वर्षे त्यावर घुमट नव्हता. घुमटासाठी सोडलेली जागा सुमारे पंचेचाळीस मीटर रुंदीची. एवढ्या रुंदीवर नेहमीच्या रीतीने खालून लाकडी सांगाडा उभारावयाचा तर तितके लाकूड आणावे कोठून, आणि आणले तरी तो सांगाडा स्वतःचाच भार पेलील काय, हा पेच होता. तो सोडविला फिलिप्पो ब्रुनेलेस्की याने. हा मनुष्य मूळचा शिकलेला सोनारकाम! एकात एक असे दोन घुमट त्याने योजिले. माशाच्या काट्याप्रमाणे तिरप्या ओळीत विटा गुंफून थरावर थर असे चढविले की, चुना ओला असतानाही वरची वीट खाली घसरू नये. १४२० साली आरंभिलेले हे काम १४३६ साली पुरे झाले. वर जाण्यास ४६३ पायऱ्या आहेत. आमच्या सौभाग्यवतींच्या गुडघ्यांनी त्यांपैकी एकीसही संमती दिली नाही. तेव्हा आम्ही खालीच बसून मान दुखेपर्यंत घुमट पाहिला.

देवालयासमोरच्या बाप्तिस्मागृहाचे सोनेरी दरवाजे गिबेर्ती नामक शिल्पकाराने १४२५ ते १४५२ असे सत्तावीस वर्षे खपून घडविले. आम्ही ज्यापुढे उभे राहून धन्य झालो ते मात्र नक्कल निघाले. अस्सल दरवाजे जवळच्या संग्रहालयात आहेत. दुपारी चौकात मायकेलअँजेलोचा 'डेव्हिड' पाहिला, तोही नक्कलच. मूळ पुतळा १८७३ साली आत हलविला व ही प्रतिकृती १९१० साली बसविली. अस्सलाने सावलीत राहावे आणि ऊनपाऊस नकलेने सोसावा, अशी या गावची रीत दिसते. पोंते वेक्कियो या जुन्या पुलावरील सोनारांची दुकानेही पाहिली. तेथे पूर्वी खाटीक बसत. दुर्गंधीस कंटाळून तेथील अधिपतीने १५९३ साली त्यांस उठविले. १९४४ साली माघार घेताना जर्मनांनी अर्नो नदीवरील शहरातील बाकी सारे पूल उडविले, हा एवढा ठेविला.

सांता क्रोचे या देवालयात मात्र आम्ही रेंगाळलो. मायकेलअँजेलो व गॅलिलिओ हे दोघेही येथे चिरनिद्रा घेत आहेत. त्यांच्याच पंक्तीस महाकवी दान्ते याची भव्य समाधी आहे. पण ती रिकामी! दान्तेस या शहराने १३०२ साली हद्दपार केले. तो १३२१ साली राव्हेन्ना येथे निवर्तला, आणि पुढे फ्लॉरेन्सने कितीही मागणी केली तरी राव्हेन्नाने त्याच्या अस्थी दिल्या नाहीत.

सौभाग्यवती म्हणाल्या, "मनुष्य एका गावी आणि समाधी दुसऱ्या गावी. अहो, आपले महाराजही इथेच ना?"

येथे थोडे मागे जावे लागेल. शाळेत इतिहास शिकविताना, "कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० साली यूरोपात निवर्तले," हे एक वाक्य आम्ही पुष्कळ वर्षे सांगत आलो. एकदा एका मुलाने उभे राहून विचारिले, "गुरुजी, मग त्यांना अग्नी कुठे दिला?" आम्हांस उत्तर ठाऊक नव्हते. ते कबूल करण्याऐवजी आम्ही त्यास "खाली बस, परीक्षेत हे येत नाही," असे सांगितले. तो मुलगा आज पन्नाशीस आला असेल. त्याचा प्रश्न मात्र आमच्यापाशीच राहिला होता.

उत्तर पुढे वाचनात आले. १८५० साली जन्मलेले हे महाराज १८६६ साली दत्तक येऊन गादीवर बसले. समुद्रपर्यटन निषिद्ध मानण्याच्या त्या काळात ते १८७० साली विलायतेस गेले व व्हिक्टोरिया राणीस भेटले. त्यांनी इंग्रजीत लिहिलेली रोजनिशी कॅप्टन वेस्ट याने १८७२ साली प्रसिद्ध केली. परतीच्या वाटेवर, इटलीची त्या वेळची राजधानी असलेल्या या शहरात, ३० नोव्हेंबर रोजी त्यांचा अंत झाला. वय अवघे वीस. आमच्या शाळेतून बाहेर पडून दोन-चार वर्षे झालेल्या मुलांएवढे! प्रेत पुरणाऱ्या त्या देशात दहनाची सोय कोठून असणार? इटलीतील पहिले दहनगृह मिलान येथे निघाले ते १८७६ साली. तरीही नगराधिकाऱ्यांनी अनुज्ञा दिली, आणि मुन्योने नावाचा ओढा अर्नो नदीस जेथे मिळतो त्या संगमावर रात्री चिता रचली गेली. आंजेलो दे गुबेरनातिस हे १८६३ साली याच शहरात संस्कृतचे अध्यापक म्हणून नेमले गेले होते. परमुलखातल्या त्या गावी देववाणी अगदीच अनोळखी नव्हती, हे वाचून संस्कृत शिकविणाऱ्यास तेवढेच बरे वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपार मोकळी होती. तांडा कातडी पिशव्यांच्या बाजारात गेला. आम्हांपुढे दोन मार्ग होते: जगप्रसिद्ध उफ्फीत्सी चित्रशाळा, नाहीतर संगम. दोन्ही साधणे शक्य नव्हते. चित्रशाळा राहिली. त्याची हळहळ अजून आहे. ती लपविण्यात अर्थ नाही.

संगम ज्या उद्यानात आहे त्याचे नाव काशिने. "नावातच काशी आहे," असे सौभाग्यवतींनी लागलीच ठरविले. वास्तविक त्या शब्दाचा अर्थ गोठे. मेदिची घराण्याच्या दुभत्या जनावरांचा हा वाडा होता. उद्यान तीन किलोमीटरांहून लांब आहे व ट्राम आपणांस त्याच्या अलीकडच्या भागी सोडते, ही गोष्ट उतरल्यावर कळली. ज्या गुडघ्यांनी घुमटाची एक पायरी नाकारली, ते त्या दिवशी पाऊण तास बिनतक्रार चालले.

वाटेत एक वृद्ध गृहस्थ कुत्रे घेऊन फिरत होते. आम्हांस इटालियन येत नाही, त्यांस इंग्रजी नव्हते. सौभाग्यवतींचे लुगडे पाहून ते आपण होऊनच म्हणाले, "इंडियानो?" आणि नदीच्या दिशेस हात केला. इंडियानो म्हणजे हिंदी मनुष्य. छत्रीस, तिच्या आसपासच्या जागेस, १९७८ साली खुल्या झालेल्या शेजारच्या मोठ्या पुलासही लोक हेच नाव देतात. छत्रपती गेले, कोल्हापूर गेले; "तो हिंदी मनुष्य" एवढे मात्र राहिले.

झाडीच्या टोकाशी खांबांवर तोललेली घुमटाची छत्री आहे. आत महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. डोक्यास पागोटे, गळ्यात मोत्यांच्या माळा, आणि चेहरा कोवळा. पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्याने योजिला तोच हा मँट. १८७४ साली हे काम पुरे झाले. बाजूच्या पुलावरून मोटारी अखंड धावत होत्या. खाली संगम पाहिला. मुन्योने म्हणजे आपल्याकडील एखाद्या ओढ्याएवढीच. सौभाग्यवतींनी पिशवीतील पाण्याची बाटली काढून चौथऱ्याशी थोडे पाणी सोडले. आम्ही शाळामास्तरच, कोरलेला इंग्रजी लेख मोठ्याने वाचून दाखविला, वयाच्या आकड्यापाशी थांबलो.

परतताना ट्राम चुकली आणि भोजनास उशीर झाला. तांड्यातील मंडळी पिशव्यांचे भाव एकमेकांस सांगत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे पिसाकडे निघालेली आमची बस त्याच पुलावरून गेली. मार्गदर्शक बाई पिसाचा मनोरा किती कलला आहे ते सांगत होत्या. सौभाग्यवतींनी खिडकीशी सरकून खाली पाहिले. झाडांच्या शेंड्यांखेरीज काही दिसले नाही. त्यांनी पदराआड हात जोडले.