उणे एकपासून सुरू झालेली नोंद

लिनक्स कर्नलमधल्या प्रत्येक टास्कच्या नोंदीत एके काळी 'लॉक-डेप्थ' नावाचा एक आकडा असे. सुरुवात उणे एकपासून. टास्कने मोठं लॉक घेतलं की शून्य, हातात असतानाच पुन्हा मागितलं की एक. हे मोठं लॉक म्हणजे बिग कर्नल लॉक, जाणकारांच्या तोंडी बीकेएल. जून १९९६ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीत लिनक्सला एकाहून अधिक प्रोसेसर वापरता येऊ लागले, तेव्हा ॲलन कॉक्स यांनी अख्ख्या कर्नलला मिळून हे एकच कुलूप घातलं. प्रोसेसर दोन असोत की चार, आत एका वेळी एकच.

शेड्यूलर त्या आकड्याकडे बघायचा तो टास्कची सोय करायला. लॉक धरलेला टास्क डिस्कची वाट बघत झोपला, की शेड्यूलर ते परस्पर काढून घेई आणि तो जागा झाला की पुन्हा त्याच्या हातात ठेवी. टास्कला पत्ताही नसे. माझ्या मते बीकेएल पंधरा वर्षं टिकलं ते या उपकारामुळेच. लॉक नेमकं कशाची राखण करतंय, हे लिहिणाऱ्याला कधी ठरवावंच लागलं नाही. पुढे ते काढायला बसलेल्यांची पंचाईत झाली. त्या जागी साधं म्युटेक्स बसवावं, तर टास्क झोपल्यावर ते कोणी सोडवत नाही. आणि त्याच टास्कने दुसऱ्यांदा मागितलं तर तो स्वतःच्याच दारात अडकतो.

मधल्या काळात हिशेब वाढत गेला. २००२ मध्ये, २.५ च्या विकासकाळात, कर्नलचं काम अर्ध्यात थांबवून दुसऱ्याला प्रोसेसर देण्याची सोय आली. तिच्यासाठी स्पिनलॉक, म्हणजे न झोपता जागेवरच वाट बघायला लावणारं लॉक, घेताना-सोडताना एक मोजणी ठेवली जाऊ लागली. ती शून्यावर नसताना कोणी झोपायला गेलं, की शेड्यूलर 'शेड्यूलिंग व्हाइल ॲटॉमिक' म्हणून बोंब ठोकतो. ड्रायव्हर लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही ओळ कधी ना कधी पाहिलेली असते.

खरी उडी सप्टेंबर २००६ ची, आवृत्ती २.६.१८. इंगो मोल्नार आणि आर्यन व्हान दे वेन यांचं लॉकडेप त्यात आलं. प्रत्येक टास्कपाशी हातातल्या लॉकांची यादी, आता जास्तीत जास्त ४८ नोंदींची. गंमत अशी की लॉकडेप सुट्या लॉकांचा नव्हे, त्यांच्या जातीचा क्रम लक्षात ठेवतं. एका वाटेने 'अ' धरून 'ब' घेतलं आणि महिनाभराने भलत्याच वाटेने 'ब' धरून 'अ' घेतलं, तरी ते ओरडतं. मधल्या काळात यंत्र बंद झालेलं नसलं, म्हणजे झालं. डेडलॉक प्रत्यक्ष घडावा लागतच नाही.

त्याच आवृत्तीत प्राधान्याचा वारसा देणारे फ्युटेक्सही, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रामांच्या लॉकांची सोय, आले. वाट बघणारा टास्क महत्त्वाचा असेल, तर त्याचं प्राधान्य लॉक धरून बसलेल्याला तात्पुरतं द्यायचं. हे नसलं तर काय होतं, ते १९९७ मध्ये मंगळावरच्या पाथफाइंडरने दाखवलं होतं. त्याची प्रणाली व्हीएक्सवर्क्स. तिच्यात ही सोय होती, पण ज्या म्युटेक्सवर काम अडलं त्यापुरती बंद. यान पुन्हापुन्हा रिसेट होत राहिलं. शेवटी पृथ्वीवरून ती चालू करावी लागली.

बीकेएलची अखेर मात्र लांबली. मध्यंतरी त्याला सेमाफोर, म्हणजे झोपून वाट बघता येणारं लॉक, केलं होतं. २००८ मध्ये सेमाफोरचा कोड नव्याने लिहिला गेला आणि एआयएम७ चाचणीत वेग ४० टक्क्यांनी घसरला. लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी बीकेएलला पुन्हा स्पिनलॉक करून टाकलं; एक पाऊल मागेच. पण त्याच गोंधळातून ते मुळासकट उपटण्याची मोहीम निघाली. मे २०११ च्या २.६.३९ मध्ये आर्न्ड बर्गमन यांनी शेवटचे अवशेष काढले.

आता शेड्यूलर उलट्या टोकाने विचारतो: हा टास्क कोणत्या लॉकसाठी अडलाय, आणि ते कोणाकडे आहे? प्रॉक्सी एक्झिक्यूशनचं काम याच नोंदीवर उभं आहे. अडलेल्याच्या वाट्याचा वेळ लॉक धरणाऱ्याला द्यायचा, म्हणजे ते लवकर सुटेल.

लॉकडेपचं ओरडणं डोळ्यांनी पाहायचं असेल, तर 'प्रूव्ह लॉकिंग' हा पर्याय चालू करून कर्नल बांधा. यंत्र मंदावेल, म्हणून रोजच्या कामाच्या यंत्रावर नको.