शोधाची वहीही आपल्याच पेटीत असावी

रोजकीर्द आणि खतावणी कोणताही व्यापारी शेजाऱ्याच्या दुकानात ठेवत नाही. जुन्नरच्या कागदी कारागिरांचा हातकागद एकेकाळी मराठी दप्तरांत वापरला जाई. त्यावरचा हिशेब मालकाच्याच पेटीत राही. आज आपल्या धंद्याची एक वही मात्र परक्याकडे भरत असते.

समजा, शिनोलीतील एखादा सुतार सागाचा भाव, कर्जाचे व्याज आणि घरातल्या आजारावरचा उपाय एकाच दिवशी मोबाइलवर शोधतो. हे तिन्ही प्रश्न शोधसेवा देणाऱ्या कंपनीकडे पोहोचतात. त्याची गरज, त्याची अडचण तिला कळते व तशा जाहिराती पुढे येतात. निकालांची मांडणीही तिच्याच हाती असते. शोधनिकालांत पक्षपात केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये गुगलला सुमारे १३६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता.

यावर एक उपाय आहे. अ‍ॅडम टाउबर यांनी २०१४ मध्ये 'सर्क्स' नावाचा शोधप्रोग्रॅम खुला केला. त्यातूनच २०२१ मध्ये 'सर्क्सएनजी' निघाला. तो विनामूल्य आहे आणि त्याची रचना कोणालाही तपासता येते. लिनक्स येणारा तरुण तो जुन्या संगणकावरही बसवू शकेल. खर्च विजेचा, इंटरनेटचा आणि देखभालीचा.

याचे काम दलालासारखे आहे. त्याच्याकडे स्वतःचा माल नसतो. तुमचा प्रश्न घेऊन तो गुगल, बिंग अशा अनेक पेढ्यांवर जातो, उत्तरे आणतो आणि एकत्र मांडतो. तुमच्या मोबाइलची ओळख व जुन्या शोधांची खूण तो पुढे देत नाही.

परंतु येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. हा प्रोग्रॅम घरी एकट्यासाठीच चालवला, तर मोठ्या कंपन्यांना तुमच्याच घरच्या जोडणीचा पत्ता दिसतो. दलाल एकाच गिऱ्हाइकाचा असेल, तर माल कोणाचा हे बाजाराला कळतेच. वीस-पंचवीस दुकानदारांनी मिळून एकच यंत्र वापरले, तर कोणता प्रश्न कोणाचा हे ओळखणे कठीण होते. मात्र ते सर्वांसाठी खुले सोडू नये. प्रश्नांची गर्दी झाली की मोठ्या शोधसेवा अशा यंत्राला उत्तर देणे थांबवतात. म्हणून सभासदांपुरता पासवर्ड ठेवावा.

निकालावर बोट ठेवून एखादे संकेतस्थळ उघडले, की त्या संकेतस्थळाला तुम्ही दिसताच. तेथे या यंत्राचे संरक्षण नाही.

शेवटचा प्रश्न विश्वासाचा. यंत्र सांभाळणाऱ्याने ठरवले तर तो सर्वांचे प्रश्न वाचू शकतो. म्हणून नोंदी ठेवायच्या नाहीत हे आधीच ठरवावे, आणि किल्ली अशा माणसाकडे द्यावी, ज्याच्याकडे आपण गल्ल्याची अमानतही निर्धास्तपणे ठेवू.