मांजराचा ओरखडा लपवू नका

गेल्या वर्षी ४ ऑक्टोबरला, असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या सणादिवशी, आमच्या धर्मग्रामात मिस्सानंतर जनावरांना आशीर्वाद देण्यात आला. बैल, म्हशी, शेळ्या, कुत्री, कोंबड्या असा सगळा गोतावळा चर्चच्या आवारात जमला होता. तिसरीतला एक मुलगा आपले मांजर कडेवर घेऊन आला होता. तेवढ्यात घंटा वाजली, शेजारचे कुत्रे भुंकले आणि एरवी गरीब असलेल्या त्या मांजराने पोराच्या हातावर बोचकारून गडग्यापलीकडे उडी मारली. पोराने बाही खाली ओढली व तो गप्प उभा राहिला. आम्ही जवळच होतो. झाला प्रकार आम्ही पाहिला आणि ‘मांजरच ते, बोचकारणारच’ असे म्हणून हसून सोडून दिले.

पंधरा दिवसांनी अंघोळ घालताना आईच्या हाताला पोराच्या काखेत सुपारीएवढे अवधाण लागले. अंगात कणकणही होती. खोदून विचारले तेव्हा पोर रडत म्हणाले, “सांगितलं असतं तर बाबांनी मांजर रानात सोडलं असतं.” डॉक्टरांनी तपासून सांगितले, की मांजराच्या ओरखड्यातून जंतू शिरल्याने असे अवधाण येते. औषधपाणी झाले, मुलगा बरा झाला. मांजर तोवर खाऊनपिऊन धडधाकट होते, त्यामुळे दुसऱ्या, फार मोठ्या संकटाची भीती उरली नव्हती. परंतु ते मांजर पिसाळलेले असते तर? ते पंधरा दिवस परत कोठून आणले असते? पोर भीतीने गप्प बसले. आम्हा मोठ्यांना तेवढीही सबब नाही. म्हणून हे लिहीत आहोत.

मांजर का बोचकारते?

सुगी तोंडावर आली आहे. भात कणगीत पडले की उंदीर आलेच, आणि उंदीर आले की मांजर हवेच. तेव्हा मांजराला घालवून देणे हा उपाय नव्हे. त्याचा स्वभाव ओळखणे हा उपाय होय.

मांजर सहसा दुष्टपणाने बोचकारत नाही. ते घाबरलेले असते, त्याला कोठेतरी दुखत असते, पिल्लांची राखण चाललेली असते किंवा पळायला वाट नसते. वाट असेल तर ते पळते. कोपऱ्यात सापडले तर नखे काढते. त्याआधी ते सूचनाही देते. कान मागे चपटे होतात, शेपूट आपटू लागते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, पाठीवरचे केस उभे राहतात, घशातून गुरगुर निघते. एवढे दिसले, की हात मागे घ्यावा, नजर रोखून पाहू नये आणि दार उघडून बाजूला व्हावे. पुष्कळदा एवढ्यानेच भागते.

घरच्या मांजराने शांतपणे अंग चोळून घेता घेता एकदम पंजा मारला, तर त्याला पुरे झाले आहे असे समजावे. आणि नेहमी गरीब असणारे मांजर हात लावताच फिस्कारू लागले, तर गळू, मोडलेले हाड किंवा कानातील फोड आहे काय, हे जनावरांच्या डॉक्टरांकडून पाहून घ्यावे. अशा वेळी माणसाच्या गोळ्या त्याला देऊ नयेत. आपण तापावर घेतो ती पॅरासिटॅमॉलची गोळी मांजराला विष आहे. तिने ते मरते. त्याच्या जखमेवर फिनाईलही घालू नये.

धरायचेच झाले तर

दवाखान्यात न्यायचे असेल तेव्हा दोघांनी मिळून काम करावे. मुलांना बाहेर पाठवावे, कुत्रे बांधावे. मग जाड घोंगडी किंवा दुहेरी गोणपाट मांजरावर अलगद टाकून चारही पाय आत येतील असे गुंडाळावे आणि तसेच झाकणाच्या टोपलीत किंवा कोंबड्यांच्या डालग्यात ठेवावे. वरून फडके टाकले की अंधारात मांजर शांत होते. मोठ्या मांजराला मानेच्या कातड्याला धरून लोंबकळत उचलू नये, शेपटीला तर मुळीच धरू नये.

दोन बोके भांडत असतील तर मध्ये हात घालू नये. परात वाजवावी, पाणी मारावे किंवा मध्ये सूप धरावे. मांजराने हात दातांत धरलाच तर हिसडा देऊ नये, मांस फाटते. हात क्षणभर स्थिर ठेवला की पकड ढिली होते. मार देऊन मांजर सुधारत नाही. आपल्या हाताची त्याला भीती बसते आणि पुढच्या वेळी ते आधीच पंजा मारते.

पिल्ले दोन ते सात आठवड्यांची असताना रोज थोडा वेळ हळुवारपणे हाताळली, तर ती जन्मभर माणसाळलेली राहतात. बोक्याला डॉक्टरांकडून खच्ची करून घेतले की त्याचे भटकणे आणि भांडणे बरेच कमी होते.

ओरखडा आला किंवा चावा बसला तर

प्रथम वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पूर्ण १५ मिनिटे धुवावी. घड्याळ पाहून धुवावी, अंदाजाने नव्हे. नंतर आयोडीनचे औषध लावून त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात जावे. मांजराचे दात सुईसारखे असतात. वरून टिकली एवढी दिसणारी जखम आत खोल असते आणि एका दिवसात हात सुजून पिकू शकतो. धनुर्वाताचे इंजेक्शन लागेल की नाही, तेही डॉक्टर ठरवतील.

जखमेत तिखट, चुना, तंबाखू, तेल, हळद काहीही भरू नये, डागही देऊ नये. डाग देण्याची चाल केवळ आपलीच होती असे नाही. संत ह्युबर्ट यांना पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषापासून रक्षण करणारे संत मानतात. त्यांचा सण ३ नोव्हेंबरला येतो. युरोपातील भाविक त्यांच्या नावाने ओळखली जाणारी लोखंडी ‘किल्ली’ तापवून चाव्यावर डाग देत. त्या काळी दुसरे औषधच नव्हते. पुढे ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी पॅरिसमध्ये जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस दिली आणि तो वाचला. तेव्हापासून हातावर हात ठेवून बसण्याचे कारण उरलेले नाही. संतांची प्रार्थना जरूर करावी, परंतु दवाखान्याच्या वाटेवर चालता चालता करावी.

पोटात १४ इंजेक्शने, या जुन्या धास्तीने कित्येक जण अजूनही दवाखाना टाळतात. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस होती; तिचे उत्पादन भारतात २००४ अखेर बंद झाले. आताची लस दंडावर देतात. सरकारी दवाखान्यात ती कातडीत देतात तेव्हा पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस अशा चार फेऱ्या होतात. स्नायूत दिल्यास चौदाव्या दिवशी आणखी एक फेरी असते. हे दिवस मोजताना पहिल्या इंजेक्शनचा दिवस शून्य धरतात. जखमेतून रक्त आले असेल तर जखमेतच आणखी एक औषध देतात. ते टाळू नये. एकही फेरी चुकवू नये, मग भाताची कापणी असो की घरचे लग्न.

मांजर घरचे असेल तर त्याला मारून टाकू नये. खोलीत किंवा डालग्यात ठेवून १० दिवस लक्ष ठेवावे. ते नीट राहिले तर पुढची इंजेक्शने थांबवायची की काय, हे डॉक्टर ठरवतील. परंतु लस सुरू करण्यासाठी १० दिवस थांबू नये. रेबीजची लक्षणे माणसात सहसा एक ते तीन महिन्यांनी दिसतात, आणि एकदा दिसली की बहुधा मृत्यूच ठरलेला असतो.

पिसाळलेले मांजर

पिसाळलेले कुत्रे किंवा कोल्हा चावल्याने मांजरही पिसाळते. ते कारण नसता अंगावर येते, लाळ गळते, आवाज बदलतो, चाल अडखळते. रानटी बुजरे मांजर एकदम माणसाजवळ येऊ लागले तरी सावध व्हावे. अशा मांजराला पकडू नये. दार बाहेरून लावून घ्यावे आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

मांजर तीन महिन्यांचे झाले की त्याला रेबीजची लस टोचून घ्यावी आणि दरवर्षी पुन्हा टोचावी. शेजारच्या गोव्यात कुत्र्यांना गावोगाव फिरून लस देण्यात आली आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. मनावर घेतले तर होते.

पाश्चर यांच्या मृत्यूचा दिवस, २८ सप्टेंबर, जगभर रेबीज दिन म्हणून पाळतात. संत फ्रान्सिस यांचा सण त्यानंतर सहाव्या दिवशी येतो. यंदा त्या आठवड्यात आपल्या मांजराला आधी लस टोचून घ्या आणि मग आशीर्वादाला आणा. मात्र कडेवर नव्हे, झाकणाच्या टोपलीत.

आणि आज रात्री जपमाळ झाल्यावर मुलांना जवळ बसवून एवढे सांगा: “मांजर बोचकारलं तर लगेच येऊन सांग. तुला मार बसणार नाही आणि मांजरही कुठं जाणार नाही.” हे वचन दिले की ते पाळा. साबण आणि लस त्यानंतरची गोष्ट आहे. पोराने तोंड उघडले तरच ती उपयोगी पडेल.