पथकाचं लायसन कुठे मिळतं?

गणेशोत्सव महिन्या-दीड महिन्यावर आला की नगरच्या तोफखाना आणि कोतवाली पोलीस ठाण्यांत कॉलेजच्या पोरांची ये-जा वाढते. प्रश्न ठरलेला असतो: पथकाचं लायसन कुठे मिळतं? उत्तर ऐकून पोरं गोंधळतात, कारण असं लायसन कुणीच देत नाही. ढोल वाजवायला, लेझीम खेळायला किंवा एकांकिका बसवायला संघाच्या नावानं परवाना काढावा लागत नाही. कागद लागतात ते जागेसाठी, वेळेसाठी, आवाजासाठी, संहितेसाठी आणि गोळा होणाऱ्या पैशांसाठी. हे सगळे वेगवेगळ्या टेबलांवर मिळतात.

"आमची संस्था धर्मादायला रजिस्टर आहे, आता परवानगी कशाला?" हा वाद पोलिसांना दरवर्षी ऐकावा लागतो. 1860च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण एकत्र आले की संस्था नोंदवता येते. 1950च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली तिची नोंद धर्मादाय कार्यालयात होते. एवढ्यानं संस्थेला नाव मिळतं, बँकेत खातं उघडता येतं, अनुदानाचा अर्ज करता येतो. रस्त्यावर वाजवायची मुभा त्यात येत नाही. उलट, नोंदणी नसलेल्या मंडळाला उत्सवापुरती वर्गणी काढायची असेल तर त्याच कायद्याच्या 41-क कलमाखाली तात्पुरती परवानगी घेता येते. वर्गणी एखाद्या कार्यकर्त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर घेणं सोयीचं वाटतं खरं, पण हिशेब तपासणीला त्याइतकं अडचणीचं काही नाही.

सगळ्यांत पक्का बसलेला गैरसमज आवाजाचा. डीजेला नियम असतात, ढोल-ताशा ही परंपरा, त्याला कसला नियम, असं छातीठोक सांगणारे वादक मी पुष्कळ पाहिलेत. 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांत 2010 साली दुरुस्ती झाली आणि रात्रीच्या बंदीत ध्वनिक्षेपकाच्या जोडीला वाद्यंही स्पष्ट नावानं आली. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस ही मुदत मध्यरात्री 12पर्यंत वाढवता येते आणि ते दिवस आधी जाहीर झालेले असतात. 'शेवटचा दिवस आहे, चालतं' हा काही सोळावा दिवस नव्हे. शांतता क्षेत्राला, म्हणजे रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालय यांच्या भोवतालच्या 100 मीटरला, ही सवलतही नाही.

निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकासाठी कमाल 75, किंवा त्या भागाच्या मर्यादेपेक्षा 10 जास्त, यातलं जे कमी असेल ते. चाळीस ढोलांचं पथक यात बसतं का? कागदावर तरी बसत नाही, आणि हे पथकं, पोलीस, नागरिक तिघांनाही माहीत आहे. त्यामुळे खरी तक्रार मिरवणुकीपेक्षा सरावाची येते. मिरवणूक एका दिवसात सरते, सराव मात्र आठवड्यांमागून आठवडे एकाच मैदानावर, त्याच खिडक्यांसमोर चालतो. ज्यांनी मैदानमालकाचं, मग ती शाळा असो वा महापालिका, लेखी पत्र घेतलंय, ठाण्यात सरावाच्या वेळा कळवल्यात आणि रात्री नऊलाच टिपरू खाली ठेवलंय, त्यांच्या वाटेला कटकट कमी येते.

"एका पथकात तीसच वादक चालतात" हीही एक आवई. ऑगस्ट 2024 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठानं पुण्यातल्या पथकांसाठी अशी अट घातली होती. पुढच्याच महिन्यात, 12 सप्टेंबरला, सर्वोच्च न्यायालयानं तिला स्थगिती दिली. अट पुण्यापुरती होती. बातमी नगरला पोचली, स्थगिती वाटेतच राहिली.

लहान वादकांचा मुद्दा मात्र कुणी काढत नाही. चौदा वर्षांखालचा मुलगा हौसेनं झांज वाजवतो तिथे प्रश्न नाही. पथक सुपारी घेऊन व्यावसायिक कार्यक्रमात त्याला उभं करतं तेव्हा बालकामगार कायदा लागतो. 2016च्या दुरुस्तीनं आणि पुढच्या वर्षीच्या नियमांनी बालकलाकारांना मुभा दिली, पण अटी घालून: जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनी विश्रांती, आणि कमाईतला किमान 20 टक्के वाटा मुलाच्या नावावर मुदत ठेवीत.

गाण्यांचं गणित थोडं नाजूक आहे. हौशी संघानं तिकीट न लावता गाणं किंवा नाटक सादर केलं तर 1957च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 त्याला सूट देतं. तिकीट लावलं की ही सूट उरत नाही, अपवाद फक्त धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या कार्यक्रमाचा. ही सूट स्वतः गाण्या-वाजवण्याला आहे, पेन ड्राइव्हवरून गाणं लावण्याला नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो. अभंगाचे शब्द कुणाच्या मालकीचे नसले, तरी त्याला अलीकडच्या संगीतकारानं बांधलेली चाल त्याच्या निधनानंतर 60 वर्षं संरक्षित राहते.

नाटकवाल्यांकडे आणखी एक टप्पा असतो: रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ. संहिता तिथून प्रमाणित करून घ्यावी लागते. याचं मूळ 1951च्या पोलीस कायद्यात आणि त्याखालच्या 1960च्या नियमांत आहे. त्या नियमांच्या लांबलचक नावात मेळे आणि तमाशेही आहेत, म्हणजे शाहीर अनंत फंदींच्या संगमनेरातला फडही त्याच चौकटीत येतो. याच मंडळानं 1972 साली 'सखाराम बाइंडर' या नाटकाला बत्तीस कट सुचवले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. व्यवस्था असावी का यावर वाद घालावा, तो घालायलाच हवा. पण प्रयोगाच्या सकाळी नाट्यगृहाच्या दारात तो घालून काही निष्पन्न होत नाही.

राहिली मदत. "सरकार कलाकारांना महिन्याला पाच हजार देतं" ही बातमी खरी आहे, पण ते राजर्षी शाहू महाराजांच्या नावाचं मानधन ज्येष्ठांसाठी आहे. वयाची अट साधारण पन्नाशीची. तरुणांचं दार दुसरीकडे आहे. 18 ते 25 वयोगटातल्या कलाकारांना केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची शिष्यवृत्ती दोन वर्षं दरमहा 5,000 रुपये मिळते. 10 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी सीसीआरटीची, म्हणजे केंद्राच्याच सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची, वेगळी. युवा महोत्सवात लोकनृत्य-लोकगीताचे संघ उतरतात, त्याची सुरुवात जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून होते. लोककलेच्या संघांना ते कार्यालय सुचतच नाही, कारण दारावरची पाटी खेळाची. शिवाय महसूल विभाग नाशिक असला तरी क्रीडा खात्यात नगर पुणे विभागात येतं, त्यामुळे पुढची फेरी नाशिकला शोधू नये. 2025 मध्ये राज्यानं 1800 भजनी मंडळांना प्रत्येकी 25,000 रुपये देण्याची योजना आणली. नगर जिल्ह्यात भजनी मंडळ नसलेलं गाव सापडणं कठीण, आणि पखवाज धरणारी पोरं त्यातलीच.

अर्ज अडकतात ते बहुधा एका कागदावर. संस्था काढणारी पोरं शिकायला, नोकरीला पुण्याला जातात, नवी पोरं कारभार पाहू लागतात, आणि 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यायचा बदल अर्ज कुणी देत नाही. चार वर्षांनी अनुदान मंजूर होतं तेव्हा कागदोपत्री अध्यक्ष हिंजवडीत असतो आणि बँक त्याचीच सही मागते.