मोहफुलाला जाताना कुत्रं घरी का बांधायचं?

मोहफूल गळायला लागलं की आपण पहाटेच टोपली घेऊन निघतो, आणि मागून शेपूट हलवत घरचं कुत्रंही निघतं. त्याला कोणी बोलावत नाही, ते येतंच. सोबत आहे म्हणून आपल्यालाही धीर वाटतो. आज आम्ही या सोबतीबद्दलच बोलणार आहोत.

आधी आपलं जंगल पाहू. पांढरकवड्याजवळचं टिपेश्वर अभयारण्य जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं आहे. तिथले तरणे वाघ स्वतःची जागा शोधत बाहेर पडतात. असाच एक वाघ २०१९ मध्ये चालत चालत थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गळ्यात रेडिओचा पट्टा होता म्हणून ते कळलं. दुसऱ्या बाजूला चंद्रपूरचा ताडोबा आहे आणि मधे आपला वणी, मारेगाव, झरीचा पट्टा. कोळसा खाणींच्या आसपासच्या झुडपांतही लोकांनी वाघ पाहिले आहेत. अभयारण्याची पाटी दिसली नाही म्हणजे वाघ नाही, असं आपल्याकडे धरता येत नाही.

जुन्या बाया सांगतात, कुत्रं आधी भुंकून सावध करतं. वावरात जागलीला ते खरंच आहे. तिथे ते मचाणाजवळ बसून असतं. जंगलात मात्र ते आपल्याजवळ राहत नाही. पुढे पळतं, झुडपात नाक घालतं. मोहफूल अस्वलालाही आवडतं, आणि पहाटेची वेळही दोघांची एकच. कुत्र्याने अस्वलाला किंवा पिल्लं असलेल्या रानडुकरिणीला डिवचलं, ती अंगावर आली, की कुत्रं कुठे पळतं? आपल्याकडेच! मागून जनावरही येतं.

बिबट्याची गोष्ट आणखी वेगळी. नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्याच्या खाण्यात सगळ्यात जास्त पाळीव कुत्रीच निघाली. म्हणजे आपण ज्याला राखणदार म्हणून नेतो, त्याला बिबट शिकार म्हणून पाहतो.

कायद्याचंही ऐकून ठेवा. अभयारण्यात कुत्रं न्यायला मनाई असते. बाहेरच्या जंगलातही कुत्र्याने ससा किंवा चितळाचं पाडस धरलं आणि आपण ते घरी आणलं, तर तो शिकारीचा गुन्हा होतो. अमेरिकेत लोक हौसेने कुत्रं घेऊन रानवाटांवर फिरायला जातात. तिथेही राष्ट्रीय उद्यानांत कुत्रं नेऊ देतात त्या वाटांवर सहा फुटांहून लांब दोर चालत नाही.

आता रोगाचं. २०१८ मध्ये गुजरातच्या गीरमध्ये थोड्याच दिवसांत वीसहून जास्त सिंह मेले. त्यांतल्या काहींच्या अंगात डिस्टेंपरचा विषाणू आहे, हे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तपासून सांगितलं. हा मुळात कुत्र्यांचा रोग, गोवराच्या विषाणूचा चुलतभाऊच म्हणा. माणसाला तो होत नाही, पण वाघ, बिबट, रानकुत्रे यांना होतो. कुत्र्याच्या नाकाडोळ्यांतून घाण येते, ताप येतो, पुढे झटके येतात. असं कुत्रं पाणवठ्यावर तर मुळीच जाऊ देऊ नका.

रेबीज उलट वाटेने येतो. पिसाळलेला कोल्हा किंवा मुंगूस कुत्र्याला चावतं, आणि कुत्रं आपल्या लेकराला. चावलं, ओरखडलं किंवा जखमेवर चाटलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. तिखट नको, चुना नको, हळदही नको. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि सांगितलेली सगळी इंजेक्शनं पुरी करा. दोन घेऊन बरं वाटलं म्हणून थांबलं, असं इथे चालत नाही.

मग कुत्र्याच्या जागी राखण कोणी करायची? वाघाने धरलेल्यांत वाकून किंवा बसून काम करणारे बरेच असतात, कारण वाकलेलं माणूस त्याला माणसासारखं दिसत नाही. मोहफूल वेचताना आपण तासभर वाकलेल्याच असतो. म्हणून चौघी-पाचजणी मिळून जा आणि त्यांतली एक पाळीपाळीने उभी राहून चारी बाजूंना बघू द्या. तिचा वाटा बाकीच्यांनी काढून द्यायचा. आम्हाला विचाराल तर कुत्र्यापेक्षा ही उभी बाई जास्त कामाची. लख्ख उजाडल्यावर निघा, वाटेने मोठ्याने बोलत चला. वाघ दिसला किंवा ताजे पंजे दिसले तर वनखात्याच्या १९२६ नंबरला कळवा.

कुत्रं बांधायचं ते निघताना नाही. टोपली उचललेली दिसली की ते हाती लागत नाही. रात्रीच भाकर देऊन बांधा, सकाळी सावली आणि पाणी राहील अशा जागी. आणि घरच्या म्हाताऱ्या माणसाला सांगून ठेवा, केकाटतंय म्हणून दया येऊन सोडू नका; सुटलं की वास काढत ते बरोब्बर तुमच्या झाडाखाली येतं. लसीचं काम गटाने करा. गावातल्या सगळ्या कुत्र्यांची यादी काढा आणि मोहफुलाच्या आधीच पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन द्या. रेबीजची लस तर मागाच, डिस्टेंपरचीही विचारा.